निळे पेट्रोल आणि डिझेलचे विमान

मे महिन्यातली दुपार. ओपीडी संपत आली होती. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातले एक शेतकरी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले होते. दर महिन्याला एकटे येतात, यावेळी मुलगा बरोबर होता. पोरगा वैमानिक होण्याचे शिक्षण घेतो आणि सुट्टीवर घरी आला आहे, हे सांगताना त्यांचा रक्तदाब नक्कीच पाच-दहा अंकांनी वाढला असेल. काही जमीन विकून आणि बँकेचे कर्ज काढून त्यांनी त्याला पाठवले आहे, हे मला आधीपासून ठाऊक होते.

"सर, हा म्हणतो काही विमानं डिझेल इंजिनावर चालतात. आपल्या विहिरीवरच्या इंजिनासारखी. मला काही खरं वाटत नाही. तुम्हीच सांगा."

मुलाने मोबाइल काढून मला चित्रफीत दाखवली. पहाटेची वेळ, छोटे विमान, त्याच्या पंखाखाली वाकलेला हा. उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून थोडे इंधन एका पारदर्शक पेल्यात काढायचे, त्यात पाणी किंवा कचरा नाही ना हे उजेडात धरून पाहायचे, असा नियम असतो. पेल्यात आले ते सुंदर निळे होते. त्याने ते पाहिले, शेजारच्या जमिनीवर भिरकावले आणि ओली बोटे पँटला पुसली.

"हे निळं काय आहे रे?"

"अ‍ॅव्हगॅस, सर. हंड्रेड एलएल. एलएल म्हणजे लो लेड."

वडिलांचा प्रश्न बाजूला राहिला आणि माझे लक्ष त्या बोटांवर गेले. लेड म्हणजे शिसे. आणि त्या नावातले 'लो' फसवे आहे.

आपल्या देशात गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसे १ फेब्रुवारी २००० पासून हद्दपार झाले. मुंबईसह चार महानगरांत त्याची सुरुवात १९९५ मध्येच झाली होती. जगात सर्वांत शेवटी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा देश अल्जीरिया होता. तिथली विक्री २०२१ च्या जुलैमध्ये थांबली आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तो अध्याय संपल्याचे जाहीर केले. पण तो रस्त्यावरच्या वाहनांचा अध्याय होता. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांचे पेट्रोल त्यातून सुटले. प्रवासी जेट विमानांत हे इंधन नसते, ती केरोसीनच्या जातीच्या इंधनावर उडतात. निळे पेट्रोल लागते ते प्रशिक्षणाच्या, फवारणीच्या, हौशी उड्डाणाच्या दोन-चार आसनी विमानांना. बारामती, धुळे, गोंदिया इथल्या आकाशात दिवसभर घिरट्या घालणारी जी छोटी विमाने आपण पाहतो, ती या वर्गातली.

या इंधनात लिटरमागे जास्तीत जास्त ०.५६ ग्रॅम शिसे असू शकते. चार आसनी प्रशिक्षण विमान तासाला साधारण ३२ लिटर पेट्रोल पिते. म्हणजे कमाल मर्यादा धरली, तर तासाला १८ ग्रॅम शिसे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते. एका विद्यार्थ्यामागे हा हिशेब साडेतीन किलोच्या वर जातो. ते सगळे एकाच ठिकाणी पडत नाही, वाऱ्यावर पांगते. पण धावपट्टीभोवती चकरा मारून पुन्हा पुन्हा उतरायचा सराव करणारे विमान त्याच चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यात फिरत असते, हेही खरे.

डॉक्टर म्हणून मला शिशाची भीती वाटते ती त्याच्या सोंगामुळे. शरीराला ते कॅल्शियमसारखे भासते. जिथे कॅल्शियमला दार उघडते, तिथे हेही शिरते. मेंदूतल्या पेशींचे आपसातले निरोप कॅल्शियमवर चालतात, तिथे ते लुडबुड करते. हाडांत जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षे तिथेच राहते. गरोदरपणात आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते, तेव्हा तिच्या लहानपणी साठलेले शिसेही बाहेर पडून बाळापर्यंत पोचते. रक्तातले हिमोग्लोबिन तयार होण्याच्या साखळीतली दोन विकरे ते अडवते. म्हणून रक्तक्षय होतो आणि लोहाच्या गोळ्या देऊनही हवा तसा उतार पडत नाही. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी दहाएक टक्के रक्तात जाते, लहान मुलाच्या बाबतीत चाळीस-पन्नास टक्के. आणि शरीरात लोह कमी असेल, तर आतडी शिसे आणखी हावरेपणाने उचलतात. आमच्याकडच्या किती मुलांत लोह कमी असते, हे अंगणवाडीताईंना विचारा.

गमतीची नव्हे, चीड आणणारी गोष्ट ही, की हे विष आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळले की इंजिनाची ठकठक थांबते, हे शोधून काढले. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात ते तयार करणारे कामगार भ्रमिष्ट झाले आणि त्यांतले पाच मरण पावले. त्यानंतर पत्रकारांपुढे मिजलींनी ते द्रव्य हातांवर ओतून आणि हुंगून दाखवले. आदल्याच वर्षी ते स्वतः शिसेबाधेमुळे महिनाभर कामावरून दूर होते, हे त्यांनी तेव्हा सांगितले नाही. १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने बोलावलेल्या परिषदेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी या मिश्रणाला कडाडून विरोध केला. त्यांचे कुणी ऐकले नाही. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांत शिसे मोजले, तेव्हा वरवर धडधाकट दिसणाऱ्या मुलांचीही बुद्धी आणि एकाग्रता त्याच्या प्रमाणात उणावलेली आढळली. चिंतेची पातळी तेव्हापासून खाली खाली येत गेली आहे. १९६० च्या दशकात रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये ६० मायक्रोग्रॅमपर्यंत डॉक्टर स्वस्थ बसत. आज अमेरिकेत ३.५ ला लक्ष दिले जाते, जागतिक आरोग्य संघटना ५ ला स्रोत शोधायला सांगते, आणि निर्धोक पातळी कोणतीही नाही हे दोघांनाही मान्य आहे.

विमानांच्या शिशाचा माणसांशी थेट संबंध दाखवणारा गाजलेला अभ्यास कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरातला. तिथल्या रीड-हिलव्ह्यू या छोट्या विमानतळाभोवती दाट वस्ती आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांच्या रक्ताचे हजारो जुने अहवाल तपासले गेले. विमानतळाच्या अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांत शिसे जास्त होते, वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांत आणखी जास्त. १ जानेवारी २०२२ पासून त्या काउंटीने आपल्या विमानतळांवर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद केली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने या विमानांतून निघणारे शिसे सार्वजनिक आरोग्याला धोकादायक असल्याचा अधिकृत निष्कर्ष दिला. तिथल्या हवेत आज सोडल्या जाणाऱ्या शिशाचा सर्वांत मोठा वाटा याच छोट्या विमानांचा आहे.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. आपल्या मुलांच्या रक्तातले बहुतेक शिसे विमानांतून आलेले नाही. उघड्यावर वितळवल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या, जुने रंग, भडक पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट चोळलेली हळद, काही भस्मे, कल्हईतली भेसळ हे त्याचे मोठे रस्ते आहेत. मी पाहिलेल्या शिसेबाधेच्या एका मुलाच्या घरामागे शेडमध्ये बॅटऱ्यांचे शिसे वितळवले जात होते. पोटात कळा येतात म्हणून त्याला तीन वेळा जंताचे औषध मिळाले होते. विमान त्या यादीत खाली येते. पण ते काढून टाकता येण्याजोगे आहे, आणि रोज सकाळी ते बोटांवर घेणारी माणसे म्हणजे वीस वर्षांची पोरे आणि विमानाखाली सरपटणारे मेकॅनिक आहेत. टेट्राएथिल लेड कातडीतून आत जाते. त्या साध्या शिशापेक्षा हे जास्त खोडकर.

मग हे शिसे काढत का नाहीत? आणि इथेच वडिलांचा प्रश्न पुन्हा येतो.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल मिसळून दाबायचे आणि नेमक्या क्षणी ठिणगी टाकायची. दाब जास्त झाला की हे मिश्रण ठिणगीची वाट न पाहता मनानेच पेटते, आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आवाज येतो. विमानाची बहुतेक पेट्रोल इंजिने पाणी न फिरवता वाऱ्याने थंड होणारी, मोठ्या सिलिंडरांची, आणि उड्डाणाच्या वेळी पूर्ण ताकदीने तापणारी. त्यांत ही ठोक सुरू झाली तर काही मिनिटांत पिस्टनला भोक पडते. शिसे ही ठोक अडवते, तीही अगदी थोड्या मात्रेत. त्याशिवायचे तेवढ्याच ताकदीचे पेट्रोल बनवायला रसायनशास्त्रज्ञांना तीसेक वर्षे घाम गाळावा लागला. अमेरिकेत २०२२ मध्ये अशा एका पेट्रोलला मंजुरी मिळाली, पण ते सगळीकडे पोचायचे आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने हंसा या दोन आसनी विमानाच्या नव्या आवृत्तीला रोटॅक्सचे छोटे इंजिन दिले आहे, ते गाड्यांच्या शिसेविरहित पेट्रोलवरही चालते. तो एक रस्ता.

दुसरा रस्ता डिझेलचा. त्यात सगळा खेळच उलटा. आधी नुसती हवा दाबायची, पेट्रोल इंजिनात साडेआठ पट तर इथे सोळा-अठरा पट. दाबलेली हवा लालबुंद तापते. मग त्यात इंधन फवारायचे, ते आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनात जो रोग, तो इथे धर्म. म्हणून ठोक अडवणाऱ्या शिशाची गरजच उरत नाही. आणि इंधन म्हणून प्रत्येक मोठ्या विमानतळावर असणारे जेट ए-१ चालते. ते दिसते रॉकेलसारखे, म्हणजे वडिलांच्या भाषेत घासलेट. निळे पेट्रोल भारताला २०२२ पर्यंत पूर्णपणे आयात करावे लागत होते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये इंडियन ऑइलने गुजरात रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली आणि २०२३ च्या जानेवारीत न्हावाशेव्याच्या बंदरातून त्याची पहिली निर्यातही झाली. देशी बनावटीचा अभिमान मलाही आहे. पण आतले शिसे देशी झाल्याने सौम्य होत नाही.

डिझेल इंजिन खातेही कमी. पेट्रोलचे चार आसनी विमान ३२ लिटर घेते, तिथे डिझेलचे २० ते २३ मध्ये भागते. मग शंभर वर्षांत सगळी छोटी विमाने डिझेलवर का गेली नाहीत? कारण इंजिन फिरणे वेगळे आणि त्याच्या भरवशावर माणूस हवेत सोडण्याची परवानगी मिळणे वेगळे.

पहिला प्रयत्न खूप जुना आहे. अमेरिकेतल्या पॅकार्ड मोटार कंपनीचे लायोनेल वुल्सन यांनी हर्मन डॉर्नर यांच्या साहाय्याने बनवलेले डिझेल इंजिन सप्टेंबर १९२८ मध्ये विमानात बसून उडाले आणि मार्च १९३० मध्ये त्याला सरकारी प्रमाणपत्र मिळाले. पुढच्याच महिन्यात वुल्सन हिमवादळात विमान कोसळून गेले. दोष इंजिनाचा नव्हता. १९३१ मध्ये याच इंजिनाच्या विमानाने वाटेत इंधन न भरता ८४ तासांहून अधिक काळ हवेत राहण्याचा विक्रम केला आणि तो १९८६ पर्यंत टिकला. तरीही इंजिन बाजारात हरले. ते हादरे फार देई आणि त्याच्या धुराने प्रवाशांना मळमळे. वैमानिकाचे कपडे घरी गेल्यावरही वास मारत, असे म्हणत. जर्मनीत युंकर्सची डिझेल इंजिने उडाली, हिंडेनबुर्ग हे महाकाय हवाई जहाजही डिझेलवर चाले. मग जेटचे युग आले आणि विषय मागे पडला.

प्रमाणपत्र म्हणजे काय, हे मी मुलाच्या वडिलांना औषधाच्या उदाहरणाने सांगितले. एका रुग्णाला गुण आला म्हणून औषध बाजारात येत नाही. तसेच इंजिनाचे. अमेरिका आणि युरोपच्या नियमांप्रमाणे त्याला चाचणीच्या चौकटीवर १५० तास राबवतात, त्यात पूर्ण ताकदीचे टप्पे ठरलेले असतात. मग ते सुटे करून प्रत्येक भाग मोजतात. कंप, तापमान, तेल, आग, विजेचा खंड, एक भाग तुटला तर दुसऱ्याचे काय होते, सगळ्याचा कागद तयार करावा लागतो. प्रमाणपत्र मिळाल्यावर आराखड्यातला एक स्क्रूही परवानगीशिवाय बदलता येत नाही. ज्या मोटारीतून इंजिन घेतले, त्या मोटारीच्या कंपनीने पुढच्या वर्षी पिस्टन सुधारला, तरी विमानात जुनाच राहतो, नाहीतर पुन्हा कागद.

डिझेलला या वाटेवर काही अडचणी खास आहेत. प्रत्येक स्फोटाचा दणका मोठा, तो दांड्यातून पंख्यापर्यंत जातो आणि धातू थकतो. म्हणून मध्ये धक्के पचवणारा क्लच किंवा जड चाक लागते आणि वजन वाढते. १८० अश्वशक्तीचे नेहमीचे पेट्रोल इंजिन १३० ते १५० किलोत बसते, तर १६८ अश्वशक्तीचे ऑस्ट्रियन डिझेल इंजिन १८५ किलोच्या आसपास जाते. दुसरी अडचण इंधनाची. पंपावरच्या डिझेलला लवकर पेटण्याचा एक ठरावीक अंक पाळावा लागतो, जेट इंधनाच्या नियमात तो नाही, कारण जेट इंजिनात ज्योत सतत जळत असते. शिवाय जेट इंधन कमी वंगण देते, त्यामुळे उच्च दाबाचे पंप घासतात. तिसरी अडचण उंचीची. १८,००० फुटांवर हवेचा दाब निम्मा होतो, ३०,००० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आणि तापमान उणे ४४ अंश. तिथे डिझेल एकदा विझले, तर दाबूनही हवा पुरेशी तापत नाही आणि ते पुन्हा पेटायला खाली यावे लागते. गिर्यारोहकाला वर जीव घाबरा होतो, तसे इंजिनाचे. गिर्यारोहक जोरजोरात श्वास घेतो, इंजिनाला टर्बोचार्जर लावतात. एक पुरत नसेल तर दोन, एकामागे एक.

या सगळ्यांतून वाट काढून २००० नंतर डिझेल परत आले. जर्मनीतल्या फ्रांक टीलर्ट यांच्या कंपनीने मर्सिडीजच्या छोट्या मोटारीचे इंजिन विमानात बसवून त्याला प्रमाणपत्र मिळवले. ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीने ते आपल्या विमानांत घातले आणि ते पटापट विकले गेले. पण क्लच आणि गिअरबॉक्स काही शे तासांनी काढून तपासावे लागत, खर्च अंदाजाबाहेर गेला आणि २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. विमाने जमिनीवर अडकली. पुढे हा व्यवसाय चिनी मालकीच्या कॉन्टिनेंटलकडे गेला. तोंड पोळलेल्या डायमंडने स्वतःचेच इंजिन काढले. तेही मर्सिडीजच्याच गाभ्यावरचे. त्याला २००९ च्या जानेवारीत युरोपीय प्रमाणपत्र मिळाले. अमेरिकेतल्या डेल्टाहॉक कंपनीने मोटारीचे इंजिन न उचलता मुळापासून नवे बनवायचे ठरवले. १९९६ मध्ये सुरू झालेल्या त्या कामाला प्रमाणपत्र मिळाले २०२३ मध्ये. आमच्याकडे एखादी लस यायला लागतो, त्याहून जास्त काळ.

पण मला सर्वांत शिकवून जाते ती ४ मार्च २००७ ची जर्मनीतल्या श्पायर इथली घटना. दोन डिझेल इंजिनांचे डायमंड विमान. त्याची बॅटरी उतरलेली होती, म्हणून बाहेरून वीज जोडून इंजिने सुरू केली. विमान उठले. वैमानिकाने चाके वर घेण्याचा खटका दाबला. त्या मोटरने एवढी वीज ओढली, की क्षणभर दाब पडला. क्षणभर म्हणजे काही मिलिसेकंद. इंजिने चालवणारे दोन्ही संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाले, आणि तेवढ्यात दोन्ही इंजिने थांबली. विमान धावपट्टीपलीकडे जमिनीवर आदळले. जीव कुणाचा गेला नाही. दोन इंजिने असतात ती एक बंद पडले तर दुसरे असावे म्हणून. पण दोघांचा प्राण एकाच तारेत होता. त्यानंतर संगणकांना स्वतंत्र जादा बॅटरी देण्याचा आदेश निघाला.

हे वाचल्यावर मला एका रुग्णालयातली रात्र आठवली. वीज गेली, जनरेटर वेळेवर सुरू झाला, सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण त्या दोन-तीन सेकंदांच्या खंडात सिरिंज पंप बंद होऊन शून्यावर आला होता, कारण त्याची आतली बॅटरी केव्हाच मेलेली होती. कागदावर पर्याय होता. सिस्टरांनी नुसत्या सवयीने पंपाकडे नजर टाकली म्हणून रुग्ण वाचला. तेव्हापासून मी कोणत्याही यंत्राबद्दल विचारतो, पर्यायी वीज आहे का, असे नव्हे, तर शेवटची कधी तपासली, असे.

आता आपल्या घरचे. सिन्नरहून शिर्डी, राहुरी करत नगरला गेलात, तर दीडशे किलोमीटरच्या आत वाहननगर लागते. डीआरडीओची वाहन संशोधन आणि विकास संस्था, व्हीआरडीई, तिथे आहे. तिचे मूळ १९२९ मध्ये रावळपिंडीजवळच्या चकलाला इथे सुरू झालेल्या लष्करी वाहन तपासणी कार्यालयात. फाळणीच्या वर्षी ते अहमदनगरला आले. आज शहराचे नाव अहिल्यानगर झाले असले, तरी आमच्या तोंडी नगरच. रणगाडे, ट्रक, लष्करी वाहने हे तिचे मुख्य काम आणि सर्वसामान्य वाहनांच्या प्रमाणपत्राच्या चाचण्याही तिथे होतात. पण विमानाच्या इंजिनांतही या संस्थेने हात घातला आहे, हे जिल्ह्याबाहेर फार कुणाला माहीत नसते.

आधी त्यांनी बंगळुरूच्या दोन संस्थांबरोबर निशांत या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वान्केल इंजिन बनवले. त्यात पिस्टन वरखाली होत नाहीत, एक तिकोनी चाक फिरते. ते लावून निशांत २००९ च्या मार्चमध्ये कोलारच्या हवाई पट्टीवरून उडाले. मग मोठे आव्हान आले, तपस. हे टेहळणीचे वैमानिकरहित विमान नोव्हेंबर २०१६ मध्ये चित्रदुर्गजवळ प्रथम उडाले. पुढच्या उड्डाणांसाठी त्याला ऑस्ट्रियाहून आणलेली १८० अश्वशक्तीची डिझेल इंजिने लावली गेली, आणि तेवढ्याच ताकदीचे देशी डिझेल इंजिन उभे करण्याचे काम व्हीआरडीईने खासगी उद्योगांना बरोबर घेऊन हाती घेतले. लष्कराला डिझेलच हवे, कारण सीमेवरच्या तळावर जेट इंधन असते, निळ्या पेट्रोलचे पिंप कोण नेणार? तपस १८ तासांपर्यंत आणि २८,००० फुटांपर्यंत पोचले. मागणी २४ तास आणि ३०,००० फुटांची होती. ते कमी पडले, त्यावर टीकाही झाली. विमानाचे वजन ठरल्यापेक्षा बरेच वाढले होते, म्हणून सगळे खापर इंजिनावर फोडणे मला तरी पटत नाही. लष्करी विमानांच्या इंजिनांना उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र देणारी सेमिलॅक ही वेगळी संस्था बंगळुरूला आहे. नागरी विमानांसाठी ते काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. म्हणजे नगरचे इंजिन उद्या लष्करी कसोटीला उतरले, तरी ते धुळ्याच्या किंवा बारामतीच्या प्रशिक्षण विमानात बसवायला दुसऱ्या दारात पहिल्यापासून रांग लावावी लागेल. सिन्नरच्या माळेगाव आणि मुसळगाव वसाहतींत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या लोकांना विचारा, चाचण्यांचा कागद किती जड असतो ते सांगतील. तो हलका करा असे मी म्हणणार नाही. श्पायरला तो एका तारेपुरता हलका झाला होता.

तोपर्यंत बाहेरून आणलेल्या इंजिनांवर बदल होतो आहे. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. तिच्यासाठी २०२५ च्या सुरुवातीला ३४ विमानांची मागणी जाहीर झाली, त्यात ३१ पायपर कंपनीची आणि ३ डायमंडची. इंजिने जेट ए-१ वर चालणारी.

डिझेल म्हणजे काही तुळशीचे पाणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले. बंद शेडमध्ये ते इंजिन चालवून तपासणाऱ्या मेकॅनिकच्या फुप्फुसांची काळजी करावीच लागेल. पण धूर थांबला की त्याचा बराचसा त्रास ओसरायला लागतो. शिसे हाडांत घर करते आणि पुढच्या पिढीला वारसा म्हणून जाते. दोन वाइटांतून निवडायचे, तर मी डिझेल निवडेन.

मुलाच्या संस्थेत दोन्ही प्रकारची विमाने आहेत. त्यामुळे आणखी एक धोका असतो, चुकीचे इंधन भरण्याचा. पेट्रोलच्या विमानात जेट इंधन गेले, तर ते जमिनीवर थोडा वेळ नीट चालते आणि उठल्यावर बंद पडते. यात माणसे मेली आहेत. म्हणून जेट इंधनाच्या नळीचे तोंड रुंद, चपटे आणि पेट्रोलच्या टाकीचे तोंड अरुंद ठेवतात. आणि म्हणूनच तो पेला उजेडात धरून रंग पाहायचा असतो. ते काम टाळू नकोस, असे मी त्याला सांगितले. पण रबरी हातमोजे घाल. पेल्यातले इंधन जमिनीवर फेकू नकोस, त्यासाठी डबा ठेवायला सांग. पँटला बोटे पुसू नकोस. जेवणाआधी, आणि चहाआधीसुद्धा, साबणाने हात धू. नुसते सॅनिटायझर चोळून शिसे जात नाही. उड्डाणाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नकोस, घरी बहिणीचे लहान बाळ आहे.

त्याचे हिमोग्लोबिन आणि लोह आमच्याकडेच तपासले. शिशाची तपासणी आमच्याकडे होत नाही, तो नमुना बाहेर पाठवावा लागला. खर्च ऐकून वडील जरा थबकले, मग म्हणाले, "घ्या सर रक्त." आठवड्याने अहवाल आला, ४.१ मायक्रोग्रॅम. औषधोपचार लागण्याच्या कितीतरी खाली, पण त्याच्या वयाच्या सुदृढ मुलात मला आवडेल त्याहून वर. लोहही कमी निघाले. गोळ्या सुरू केल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला सांगितले.

जाताना वडिलांनी दारातून विचारले, "म्हणजे सर, डिझेलचं विमान खरंच असतं?"

"असतं. आणि ह्याला शक्य असेल तेव्हा त्यातच बसायला सांगा."

"पण आमचं इंजिन थंडीत चार वेळा हँडल मारल्याशिवाय सुरू होत नाही हो."

मुलगा हसला. वर तेच त्यांना सर्वांत अवघड जाते, असे मी म्हटले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.